क्राउन सुलभानं बसवला होता

सुलभा,

मालेगावपासून कारंज्यापर्यंतचे जीपवाले मला 'क्राउनवाला गजानन' म्हणतात. कुणाच्या गाडीचा मागून आवाज यायला लागला की दुसरे मिस्त्री हात झटकून सांगतात, 'शेलूबाजारले जा, गजाननकडे. तिकडेच होते हे काम.' हे नाव माझं नाही, तुझं आहे. मी ते वीस वर्षं लावून फिरलो आणि तू फिरू दिलंस.

आज तुला जाऊन चोवीस दिवस झाले. गॅरेज उघडं आहे. परवा प्रणाली कारंज्याला तिच्या घरी गेली, जाताना तिनंच शटर वर केलं आणि म्हणाली, "बाबा, बंद नका ठेवू." मी बंद ठेवलेलं नाही. स्टुलावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघतो. पूर्वी एखादी गाडी गेली की मागच्या खोलीतून तुझा आवाज यायचा, "ह्याचा क्राउन जाते महिनाभरात." मी म्हणायचो, "कायचं काय!" आणि महिनाभरात ती गाडी आपल्या दारात उभी असायची. आता गाड्या नुसत्या जातात. मला त्यांच्यात काहीच ऐकू येत नाही.

अनसिंगहून लग्न होऊन आलीस तेव्हा तू ब्लाउज शिवायचीस. तुझी मशीन मागच्या खोलीत, आणि खोलीची भिंत गॅरेजला लागून. दोन वर्षं आपण भिंतीच्या दोन बाजूंना आपापली कामं केली. मग एका दुपारी मी एका जीपचा क्राउन बदलून गाडी सुरू करून पाहत होतो आणि तू चहा घेऊन आलीस. कप ठेवून निघून गेली नाहीस. मान तिरपी करून उभी राहिलीस.

"आवो, हा रडून राह्यला."

"कोन?"

"मागचा. दाबलं की चूप होते, सोडलं की रडते."

मी हसलो. मिस्त्रीच्या बायकोनं मिस्त्रीला शिकवायला लागावं, याचं हसू आलं मला. तीन दिवसांनी तोच जीपवाला परत आला. म्हणाला, "भाऊ, बाकी सगळं बेस हाय, पण गाडी मोकळी सोडली का मागून घूं घूं येते." मी गाडी परत उचलली, चाकं काढली, सगळं खोललं. पिनियन जरासा आत गेला होता. संध्याकाळी तुला विचारलं, कसं समजलं तुला? तू दोऱ्याचं टोक दातानं तोडत म्हणालीस, "मशीनचा पट्टा ढिला झाला तरी मले समजते. हे तं केवढं मोठं हाय."

दुसऱ्या दिवशी मी तुला मागच्या एक्सलच्या पोटात, म्हणजे डिफ्रन्शलमध्ये, काय असतं ते दाखवलं. लहान गियर पिनियन, मोठा गियर क्राउन. इंजिनाकडून येणारा दांडा पिनियनला फिरवतो, पिनियन क्राउनला, आणि क्राउन चाकांना. दोघांचे दात एकमेकांत किती खोल जावेत, मध्ये किती फट राहावी, यावर सगळं काम. घट्ट बसले तर तापून जळतात, ढिले राहिले तर आपटून तुटतात. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजे बाहीसारखं. घट्ट शिवली तं उसवते, ढिली ठेवली तं झोळ येते." मला हे आयटीआयत शिकायला वर्ष लागलं होतं.

मग ते काम मागच्या खोलीत जायला लागलं. गाडी समोर यायची, मी ती खोलायचो, गियरांचं आख्खं डोकं बाहेर काढून, रॉकेलनं धुऊन तुझ्या टेबलावर ठेवायचो. तू शिवणाचं कापड बाजूला सारून त्याच्याशी बसायचीस. कागदासारख्या पातळ चकत्या एक घालायचीस, एक काढायचीस. दातांना निळा रंग लावून क्राउन फिरवायचीस आणि कुठे निळा पुसला गेला ते बघायचीस. माझ्याकडे फट मोजायचं घड्याळ होतं, सुईचं. तू आधी बोटानं क्राउन हलवून पाहायचीस, सांगायचीस, "अजून केसभर जास्त हाय," आणि मग मी सुई लावायचो. सुई तेच म्हणायची.

लोकांना सांगायचं नाही, हे पहिल्यांदा तूच म्हणालीस. "बाईनं बसवला म्हनलं तं गाडी सोडून जातीन का कोनी इथं?" खरंच होतं तेव्हा ते. पण पुढे पुढे ते तितकंसं खरं राहिलं नव्हतं. प्रणालीच्या शाळेत मुली स्कूटीवर यायला लागल्या, बाजारात बायका ट्रॅक्टर चालवून आणायला लागल्या. सांगितलं असतं तर चार लोक बघायला आले असते, इतकंच. मी सांगितलं नाही. मला त्या नावाची सवय झाली होती.

मागच्या हिवाळ्यात रिसोडहून देशमुख काका आले. पंच्याहत्तरीचा माणूस, हातात काठी, आणि डोळ्यांत पोरासारखी चमक. त्यांच्या सोयाबीनच्या गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली एक गाडी होती. परदेशी स्पोर्ट्स गाडी, दोनच जागा, टप नाही, गडद हिरवा रंग. जमिनीला इतकी लागून की शेजारी बकरी उभी राहिली तर तिला आत वाकून बघता यावं. काकांनी ती तरुणपणी नागपूरहून चालवत आणली होती. मेडशीच्या पुढच्या घाटात जुन्या गाड्यांचा मेळावा होणार होता, घाट चढायची शर्यत होती, आणि काकांना मरायच्या आधी एकदा त्या गाडीनं घाट चढायचा होता.

"माहे गुडघे गेले," ते म्हणाले. "गाडी तू चालव, गजानन. मी बाजूले बसतो."

इंजिन आपण महिन्याभरात बोलतं केलं. मग एका सकाळी मी तुला बाजूला बसवून घाटात नेलं. तू पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली होतीस आणि रस्ताभर हसत होतीस. मेडशीच्या बाजारातले लोक थांबून बघत होते. पण चढ लागला आणि गाडीचा दम तुटला. दुसऱ्या गियरात ती मरायला टेकायची आणि पहिल्यात नुसती ओरडायची, पुढे जायची नाही. मी इंजिनाला शिव्या घालत होतो. तू म्हणालीस, "इंजिन बरोबर हाय. मागचं लांब हाय याचं."

खोललं. पिनियनला अकरा दात, क्राउनला त्रेचाळीस. म्हणजे दांडा जवळजवळ चार फेरे मारतो तेव्हा चाक एक फेरा मारतं. सपाट रस्त्यासाठी झकास, घाटासाठी नाही. आपल्याला नऊ आणि एकेचाळीसची जोडी पाहिजे होती, साडेचारच्या वर. चढाला तीच ओढते. पण ती आणायची कुठून? मी अकोल्याच्या भंगारवाल्यांकडे दोन दिवस फिरलो. हात हलवत आलो.

तू भाकरी थापत होतीस. मध्येच हात थांबवलास. "माह्या काकांची मोटर हाय ना अनसिंगले. गोठ्यामागं. तिच्या मागच्या एक्सललेही असंच बेंड हाय, असंच फुगीर, लहान."

तुझ्या काकांची ती जुनी मोटार मी लग्नातच पाहिली होती. तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. आपण गेलो. तुझ्या काकूनं आधी अंडी काढून घेतली. मग मी मोटारीचं मागचं अंग दगडांवर चढवलं, चाकांना हात लावून ती मोकळी फिरतात का पाहिलं आणि खाली शिरलो. तू चाकावर खडूनं एक रेघ ओढलीस आणि मातीत मांडी घालून बसलीस. मी खालून दांडा हातानं फिरवत होतो आणि तू चाकाच्या रेघेवर नजर ठेवून मोठ्यानं फेरे मोजत होतीस. एक, दोन, तीन, चार. मी थांबलो. "अजून," तू म्हणालीस. "अजून अर्धा. अन् थोडूकसा." मग तू इतक्या जोरात ओरडलीस की गोठ्यातली म्हैस उभी राहिली. "नऊ-एकेचाळीस! आवो, नऊ-एकेचाळीसच हाय हे!"

सुलभा, मी खाली होतो, माझ्या तोंडावर वीस वर्षांचं ग्रीस पडत होतं, आणि चाकाच्या आड मला फक्त तुझे पाय दिसत होते. त्या पायांनी तू मातीत ताल धरला होतास. माझ्या आयुष्यात त्याहून आनंदाची दुपार आली नाही. हे तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

ती जोडी बसवायला तुला सहा दिवस लागले. एका गाडीचे दात दुसऱ्या गाडीच्या पोटात बसवायचे म्हणजे जुळतात असं म्हणायचं आणि जुळत नाहीत हे बघत राहायचं. सात वेळा तू ते डोकं लावलंस, सात वेळा खोललंस. पाचव्यांदा मी म्हणालो, चालते एवढं. सुई बरोबर दाखवून राह्यली. तू निळ्याचा डाग दाखवलास. दाताच्या मधोमध पाहिजे तो, आणि तो टोकाकडे सरकला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. "सुई बरोबर हाय," तू म्हणालीस, "पण हे रडन." आणि परत खोललंस.

त्याच सहा दिवसांत आपलं ते भांडण सुरू झालं, जे संपलंच नाही. तू हिशोब करून सांगितलंस की नऊ-एकेचाळीस लावली की सपाट रस्त्यावर तोच वेग धरायला इंजिनाला सहाव्या हिश्शानं जास्त फिरावं लागेल. गाडी सतत धापा टाकेल.

"घाट किती हाय? तीन किलोमीटर," तू म्हणालीस. "अन् रिसोडहून मेडशी किती? तिथवर का तिले बोंबलत नेता?"

"शर्यत घाटात हाय, वं."

"गाडी का शर्यतीतच जन्मली?"

"झाल्यावर जुना लावून देऊ ना."

"तुमी नाई लावत."

"लावतो म्हनलं ना."

मग तू हळूच म्हणालीस, जुना लावला की मले एकडाव चालवू द्या. मोठ्या रस्त्यानं, अनसिंगपर्यंत. वरडणारी नको, शांत. जीप तू वावरात शिकली होतीस, माझ्यापेक्षा हलका हात होता तुझा. मी हो म्हणालो. मी हो म्हणण्यात फार पटाईत होतो.

घाटातली ती सकाळ मला आता रोज दिसते. थंडी होती. गाड्या ओळीत उभ्या, भोवती पोरं, म्हातारे, फोन वर करून उभे असलेले लोक. देशमुख काका माझ्या बाजूला, काठी दोन्ही पायांमध्ये धरून. झेंडी पडली आणि गाडी अशी सुटली की काकांची टोपी मागे उडून गेली. दुसऱ्या गियरात पहिलं वळण, दुसऱ्याच गियरात दुसरं वळण, आणि मागून आवाज नाही, काहीच नाही, फक्त ओढ. काका ओरडत होते, "दाब, गजानन, दाब!" आणि रडत होते. वर पोचलो तेव्हा आपल्या गटात आपल्याहून लवकर कुणीच चढलं नव्हतं.

मग एका माइकवाल्या पोरानं मला पुढे बोलावलं. हातात कप दिला. तू खालून शेजारच्या बंडूच्या जीपनं आली होतीस आणि पाण्याची कॅन घेऊन गाडीजवळ उभी होतीस, पोपटी लुगड्यात. त्यानं विचारलं, "एवढ्या जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीचं डिफ्रन्शल, आणि आवाजसुद्धा नाही. हे काम कोणी केलं?"

मी तुझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं. तुझ्या नखांत अजून निळा रंग होता, इतक्या लांबून दिसत नव्हता, पण मला माहीत होता.

आणि मी म्हणालो, "मीच. वीस वर्षांचा हात आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू कॅन खाली ठेवलीस आणि तूही वाजवल्यास.

मी त्या टाळ्या विसरायचा फार प्रयत्न केला. बाकी लोकांच्या विसरलो. तुझ्या दोन हातांच्या विसरता येत नाहीत.

गाडीत दोनच जागा. मी काकांना घेऊन रिसोडला गेलो, तू बंडूच्या जीपमधून घरी आलीस. मी पोचलो तोवर तू पिठलं टाकलं होतंस. कप हातात घेतलास, पदरानं पुसलास आणि फळीवर ठेवलास. एवढंच विचारलंस, "क्राउन तापला होता का?"

"नाई."

"मंग बरं झालं."

त्यानंतर आठ महिने आपण एका घरात राहिलो, आणि मी ते एक वाक्य बोलू शकलो नाही. प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा तू शिवत होतीस आणि मी मशीनजवळ येऊन उभा राहिलो. तू वर पाहिलंस. "काय पाह्यजे?" माझ्या तोंडातून निघालं, "कात्री." तू कात्री दिलीस. मी ती घेऊन गॅरेजमध्ये गेलो आणि तिचं काय करावं ते न समजून टेबलावर ठेवून दिली. दुसऱ्यांदा आपण तुझ्या भाच्याच्या साक्षगंधाला जात होतो, एसटीत. तू खिडकीशी होतीस. मी म्हणालो, "सुलभा, त्या दिवशी घाटात..." आणि तू म्हणालीस, "थंडी लय होती त्या दिवशी." तुला विषय नको होता की मला सोडवत होतीस, हे मला अजून कळलेलं नाही.

जुना क्राउन परत लावायचाही राहिला. काका म्हणाले, "राहू दे गा, आता हिची चाल झकास झाली." मीही राहू दिला. मला ती ओढ आवडायला लागली होती. तू दोनदा आठवण दिलीस. तिसऱ्यांदा दिली नाहीस.

कपामुळे कामं वाढली. वाशीमहून, पुसदहून गाड्या यायला लागल्या. तू सकाळी बसायचीस ती उन्हं कलेपर्यंत. शेवटच्या आठवड्यात दोनदा म्हणालीस, "पाठीत दुखून राह्यलं, वर खांद्यापाशी." मी म्हणालो, "वाकून बसतं म्हनून. बाम लाव." मी बामची डबी आणून दिली. सुलभा, मी लोखंडाचा आवाज ऐकून आत काय झालं ते सांगतो म्हणून लोकांना सांगत फिरायचो, आणि तू तोंडानं सांगत होतीस तरी मला समजलं नाही.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आतून पाना पडल्याचा आवाज आला. तुझ्या हातून कधी पाना पडत नाही. मी आत आलो. तू टेबलाला धरून उभी होतीस, कपाळावर घाम, तोंड पांढरं. दारात उभ्या गाड्या सगळ्या खोललेल्या होत्या. गॅरेजवाल्याच्या दारात चालणारी एक गाडी नव्हती. बंडू धावत जीप घेऊन आला. आपण मंगरूळच्या रस्त्याला लागलो. तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तुझे डोळे मिटलेले होते आणि कपाळाला आठी पडली होती, ऐकताना पडायची तशी.

"आवो," तू म्हणालीस. "ह्याचा मागून..."

"बोलू नको," मी म्हणालो. "चूप राह्य. बोलू नको वं."

तू चूप राहिलीस. दवाखान्याच्या फाटकापर्यंत, आणि नंतरही.

मला वाटलं होतं तुझा दम वाचेल. खरंच तेवढ्यासाठीच म्हणालो. पण तुला मी शेवटचं काय बोललो, तर बोलू नको. हे घेऊन मी कुठे जाऊ?

तुझ्या टेबलावर अर्धं लावलेलं एक डोकं होतं, चकत्या ओळीनं मांडलेल्या. पाचव्या दिवशी मी ते हातात घेतलं. क्राउन बोटानं हलवून पाहिला. मला काही समजलं नाही. घट्ट आहे की ढिला, रडेल की नाही. मी ते पोत्यात घालून मालेगावच्या मिस्त्रीकडे पाठवून दिलं. त्याला वाटलं दुःखात आहे म्हणून पाठवलं.

परवा प्रणाली जायच्या आधी फळ्या पुसत होती. कप हातात घेऊन ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, हा आईचा आहे ना?"

मी तिच्या हातातल्या कपाकडे पाहिलं.

"मला माहीत आहे. आई बोलली होती. घाटावरून आल्यावर मला फोन केला होता तिनं. मी खूप चिडले होते तुमच्यावर. म्हटलं, तुला वाईट नाही वाटलं?"

"मंग?" मी विचारलं.

प्रणालीनं कप खाली ठेवला. तुझ्याच आवाजात सांगितलं तिनं, तुझी पोरगी आहे, हुबेहूब बोलते. "वाटलं. लय वाटलं. पन तुह्या बापासाठी कोनं कवा टाळ्या वाजवल्या होत्या? एक दिवस वाजल्या. मी का त्या थांबवू?"

आम्ही दोघं तिथेच खाली बसलो, फळीखाली. ती मला धरून रडली. मी तुझ्या नावानं रडलो. तेरवी झाली तरी मी रडलो नव्हतो, लोक म्हणत होते गजानन दगड झाला. दगड नव्हतो झालो. मला भीती होती की रडायला लागलो तर तोंडातून ते निघेल.

मला तू माफ केलं असतंस तर बरं झालं असतं असं वाटायचं. आता समजलं की तू त्याच दिवशी करून टाकलं होतंस, आणि वाईटही तितकंच वाटून घेतलं होतंस. दोन्ही एकाच वेळी. हे मला सहन होत नाही, सुलभा. नुसती रागावली असतीस तर मी सहन केलं असतं.

काल मी कप पिशवीत घालून रिसोडला गेलो. देशमुख काका ओसरीवर बसले होते. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, मी बसवलं. तुझ्याबद्दल ते दोन शब्द बोलायला लागले तेव्हा मी मध्येच बोललो. सगळं सांगितलं. मशीनपासून घाटापर्यंत. अनसिंगच्या मातीत कोणी फेरे मोजले, सात वेळा कोणी खोललं, माइकवर मी काय बोललो. मला वाटलं काका म्हणतील, जाऊ दे गा, नवराबायको काय वेगळे असतात? मी त्या वाक्याची वाट बघत होतो, खोटं कशाला सांगू.

काकांनी काठीची मूठ घट्ट धरली. मग म्हणाले, "ती पान्याची कॅन घेऊन उभी होती. मी तिच्याजवळून पानी पेलो, गजानन. मले कोनी सांगतलं असतं तं मी तिच्या पाया पडलो असतो."

मी पिशवीतून कप काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"मले सांगून काय होते आता?" त्यांचा आवाज चढला. "तिच्यासमोर काहून नाई बोलला? तिथं काहून नाई बोलला?"

मी हात जोडले. त्यांनी कप घ्यायला नकार दिला. म्हणाले, "माह्या घरी नको. तुह्याच घरी राहू दे. रोज दिसू दे तुले." पण मी निघालो तेव्हा ते काठी टेकत फाटकापर्यंत आले, आणि गोडाऊनकडे बोट दाखवून म्हणाले, "तिनं सांगितलेला जुना लावून दे. मी आता कायचा घाट चढतो." मी म्हणालो, "मले नाई जमत, काका. मले कधीच जमलं नाई." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. बोलून झाल्यावर अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं वाटलं.

परतीची एसटी मिळाली. मालेगावला एक माणूस शेजारी येऊन बसला, पन्नाशीचा, हातात ट्रॅक्टरच्या पट्ट्याचं भेंडोळं. इकडचं तिकडचं बोलला. सोयाबीनचं, पावसाचं. मग विचारलं, "तुमचं काय काम?"

"गॅरेज हाय शेलूबाजारले."

"कायचं काम होते?"

"डिफ्रन्शलचं. क्राउन-पिनियन." आणि मग मी म्हणालो, "माही बायको बसवते. मी खोलून देतो फक्त."

बसवते म्हणालो. मला ते 'बसवायची' असं दुरुस्त करायचं होतं. पण तो माणूस वळून सरळ माझ्याकडे पाहायला लागला होता.

"बाई? काय सांगता! क्राउन बसवते?"

"बसवते. मशीनवर ब्लाउज शिवते अन् टेबलावर क्राउन बसवते. सुईच्या आधी तिचं बोट सांगते. आवाज ऐकून सांगते कोनता दात लागते ते. मालेगावपासून कारंज्यापर्यंत तिच्यासारखा मिस्त्री नाई." मी बोलत होतो आणि थांबता येत नव्हतं. घाटाचं सांगितलं. काकांच्या टोपीचं सांगितलं. पुढच्या सीटवरच्या दोन बायाही मागे वळून ऐकत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "पाहा वं."

"भाऊ," तो माणूस म्हणाला, "माह्या जीपचा तीन महिने झाले आवाज येऊन राह्यला. चार ठिकानी दाखवला. पत्ता सांगा बरं तुमचा."

मी सांगितला. हायवेला लागून, निळं शटर.

"सोमवारी घेऊन येतो मंग. बाई राहतीन ना घरी?"

गाडीनं शेलूबाजारचं वळण घेतलं होतं. लोक उतरायला उठत होते. सुलभा, मला त्याला खरं सांगता आलं असतं. दिवसभर खरंच तर सांगत होतो मी.

"राहतीन," मी म्हणालो.